अक्षय ठेवा आणि जमाखर्चाची वही

तीन मोठ्या बशा, २८ ताटल्या, तीन वाडगे, एक सुरई, चार पेले, मिठाची तीन भांडी, एक किसणी, चार सुऱ्या आणि पाच काटे. डिसेंबर १८३५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर या तिशीतल्या धर्मोपदेशकाकडे आलेल्या सामानाची ही यादी आहे. कुणा एका धनिकाने ते पाठवलेले नव्हते. घराघरांतून निघालेली भांडीकुंडी एका गृहस्थाने गोळा करून आणून दिली होती. सुऱ्या चार आणि काटे पाच, म्हणजे जोडसुद्धा धड जमत नव्हती. म्युलरने मात्र किसणीसकट सगळे रोजनिशीत टिपून ठेवले आणि पुढे पुस्तकात छापून जगजाहीर केले.

या सामानावर त्याला अनाथाश्रम उघडायचा होता. हातात पैसा नव्हता आणि कुणापाशी मागायचा नाही, कर्जही काढायचे नाही, असा त्याचा निश्चय होता. मुलांची सोय हा आपला दुसरा हेतू आहे, पहिला हेतू वेगळाच आहे, हे त्याने उघडपणे लिहून ठेवले आहे. कुणाही माणसापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर विसंबून अनाथ मुले पोसली गेली, तर देव आजही आपल्या लोकांना पुरवतो हे लोकांना डोळ्यांनी दिसेल, असे त्याचे गणित होते. ५ डिसेंबरला स्तोत्रसंहितेतल्या ८१ व्या स्तोत्रातल्या एका वचनाने त्याला उभारी दिली आणि त्याने देवाकडे तीन गोष्टी मागितल्या: एक घर, एक हजार पौंड आणि काम करायला योग्य माणसे. दोन दिवसांनी पहिली देणगी हाती आली. ती होती एक शिलिंग.

एप्रिल १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवर आश्रम सुरू झाला. त्याआधीची एक गंमत म्युलरनेच नोंदवली आहे. मुलांचे अर्ज घेण्याचा दिवस ठरला, तो येऊन बसला आणि एकही अर्ज आला नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की आपण घर मागितले, पैसे मागितले, माणसे मागितली, बारीकसारीक सगळे मागितले. मुले मागायची राहूनच गेली. दुसऱ्या दिवसापासून अर्ज येऊ लागले.

पुढचे आकडे थक्क करणारे आहेत. १८४९ मध्ये शहराबाहेर अ‍ॅशली डाउन इथे पहिली मोठी इमारत उभी राहिली आणि १८७० पर्यंत तशा पाच झाल्या. तिथे एका वेळी दोन हजारांवर मुलांची सोय होती. १८९८ मध्ये म्युलर वारला तोवर सुमारे दहा हजार मुले या आश्रमांतून गेली होती आणि साऱ्या कामासाठी जमलेली रक्कम पंधरा लाख पौंडांच्या घरात होती. पाववाला आणि दूधवाला ऐन वेळी दारात उभे राहिल्याची त्याची गोष्ट जगभरच्या प्रवचनांतून रंगवून सांगितली जाते. तिच्यापेक्षा किसणीची नोंद जास्त बोलकी आहे, असे म्हणावेसे वाटते.

याचे कारण म्युलरच्या पूर्वायुष्यात आहे. प्रशियात जन्मलेल्या या माणसाचे वडील सरकारी करवसुली खात्यात होते आणि त्यांच्याकडे जमा असलेल्या सरकारी पैशांवर पोराने दहा वर्षांचा होण्याआधीच हात मारायला सुरुवात केली होती. सोळाव्या वर्षी खानावळीचे बिल बुडवल्याबद्दल त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. असा माणूस विशीत ख्रिस्ताकडे वळतो आणि पुढे साठ-पासष्ट वर्षे लोकांचा पैसा हाताळतो, तेव्हा ‘देव पाहून घेईल’ एवढे म्हणून चालत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असणार. आश्रमाचे हिशेब तपासले जात आणि दरवर्षी छापले जात. देणगीदाराचे नाव गुप्त राही. पण आपण दिलेला पैसा अहवालात चढला की नाही, हे त्याला पडताळून पाहता येई. बिले आणि महिन्याच्या हिशेबवह्या तपासायचे काम पत्नी मेरीकडे असे.

इथे कुणीही चाणाक्ष वाचक विचारेल, की छापील अहवाल म्हणजे न मागता मागणेच नव्हे का? आक्षेप जुना आहे आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. म्युलरचे पुस्तक वाचून देशोदेशीचे लोक पैसे पाठवत होते, हे खरेच आहे. मात्र १८४१ च्या डिसेंबरात पेटी रिकामी असताना त्याने वार्षिक सभा आणि अहवाल मुद्दाम पुढे ढकलले. अडचण लोकांना कळली तर ती मदतीची हाक ठरेल, अशी त्याला धास्ती होती. आजच्या निधी गोळा करणाऱ्या संस्थांना हा वेडेपणा वाटेल. पण मागण्याचा आणि हिशेब देण्याचा क्षण वेगवेगळा ठेवण्याची त्याची धडपड प्रामाणिक होती.

आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशाला टोमणा मारण्यासाठी वापरतात. ख्रिस्ती माणसाच्या ‘प्रभू पुरवेल’ या शब्दांकडेही अनेकदा त्याच नजरेने पाहिले जाते. काही ख्रिस्ती लोक ते तसेच वापरतात, हेही कबूल केले पाहिजे. पण बायबलमध्ये पुरवठ्याचे जे जे प्रसंग आहेत, ते एकदा सावकाश वाचावेत. अरण्यात इस्राएली लोकांना आकाशातून मान्ना मिळाला. तो रोज पहाटे बाहेर जाऊन वेचावा लागे, माणशी माप ठरलेले होते आणि लोभाने उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती, म्हणजे साठवणीचाही नियम होता. सारफथच्या विधवेच्या मडक्यातले पीठ दुष्काळात सरले नाही. पण त्याआधी तिने आपल्या घरातल्या शेवटच्या मूठभर पिठाची भाकर एलीया संदेष्ट्याला करून दिली होती. येशूने पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरवले आणि मग शिष्यांना सांगितले, की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या भरल्या. ज्याने हजारोंना फुकट जेवू घातले त्याला उष्ट्या तुकड्यांची काळजी का असावी, यावर चर्चमध्ये फारसे बोलले जात नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातले, देव तुमची सगळी गरज भागवेल असे सांगणारे वचन अनेक मराठी ख्रिस्ती घरांत भिंतीवर फ्रेम करून लावलेले असते. त्याच्या आधीच्या ओळी फ्रेममध्ये येत नाहीत. पौल तुरुंगात आहे, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे आणि तो तिची पोहोच देतो आहे. म्हणजे हे आश्वासन आधी देऊन मोकळ्या झालेल्या लोकांना आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना तर हाच पौल करिंथकरांना बजावतो, की एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून आपण मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आहेत; देवापुढे स्वच्छ असणे पुरेसे नाही, माणसांपुढेही स्वच्छ दिसले पाहिजे. पहिल्या शतकातला हा लेखापरीक्षणाचा आग्रह आहे.

हा सगळा विषय मराठी मातीत उतरला तो पंडिता रमाबाईंमुळे. आणि तो त्यांच्याकडे आला तो फार जिव्हारी लागलेल्या अनुभवातून.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत असे, देवळात पुराण सांगत असे. कुणाकडे मागायचे नाही, मजुरी करायची नाही. श्रोते जे आणून ठेवतील त्यावर निर्वाह करायचा. वर्षानुवर्षे ते पुरले, उरलेही. म्हणजे न मागता मिळणाऱ्या अन्नावर जगण्याचा वसा रमाबाईंना ब्रिस्टलहून शिकावा लागला नाही, त्या त्यातच वाढल्या होत्या. मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने गाठले. व्रते झाली, अनुष्ठाने झाली, होते नव्हते ते दानधर्मात गेले. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. मरणाच्या दारात असलेल्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला सोळा वर्षांची रमा एका घरी गेली, तेव्हा लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली.

ज्या मुलीने देव पुरवत नाही हे इतक्या जवळून पाहिले, तीच बाई पुढे ख्रिस्ती झाली आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली. वाचलेल्या मुलींपैकी तीनशे आपण सांभाळायच्या, असे देवाने आपल्या मनात घातले, असे त्यांचे म्हणणे होते. तीनशे मुलींना खाऊ घालण्याइतका पैसा तेव्हा त्यांच्यापाशी नव्हता. म्युलरचे चरित्र, चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलरच्या मिशनची कथा आणि जॉन पेटन या मिशनऱ्याचे आत्मवृत्त ही तीन पुस्तके त्यांनी वाचलेली होती आणि त्यांचा आपल्यावर परिणाम झाल्याचे त्यांनी लिहिले आहे. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत लिहिली, तिला नावच ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ अशा अर्थाचे दिले.

आता या अक्षय ठेव्याची व्यावहारिक बाजू पाहावी. १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. त्या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांना शिकवणारे शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. दहा वर्षे कधी तरी संपणार, हे रमाबाई विसरल्या नाहीत. मुदत संपायच्या आतच त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा बेत होता. पुण्यात प्लेग आला, दुष्काळातल्या मुली आल्या आणि ती बागेची जमीन मुक्ती सदन झाली. प्रार्थना करणाऱ्या बाईने जमीन आधी घेऊन ठेवली नसती, तर त्या मुलींना कुठे ठेवले असते?

१९०० च्या आसपास गुजरात-काठियावाडच्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्यांना दोन वेळचे जेवण म्हणजे रोजचे छोटे लग्नच. पण मुक्ती कधी नुसती जेवणावळ राहिली नाही. शेती होती, गाईगुरे होती, हातमाग, तेलाचा घाणा आणि धुलाईचे काम होते. छापखाना होता आणि त्यात खिळे जुळवणाऱ्या मुलीच होत्या. कृपा सदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, अंध स्त्रियांसाठी बर्तीमी सदन असे वेगवेगळे विभाग होते आणि अंध स्त्रियांना ब्रेल शिकवले जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचा सोप्या मराठीत जो अनुवाद केला, तो याच छापखान्यात छापला गेला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडे आधी ते काम त्यांनी हातावेगळे केले होते.

पाण्याची गोष्ट मुक्तीशी जोडलेल्या लोकांत अजून सांगतात. अवर्षणाच्या एका वर्षी विहिरी रोज तळापर्यंत उपसल्या जात आणि संध्याकाळी काम करणारे म्हणत, उद्या पाणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरेल एवढे पाणी साचलेले असे. याला चमत्कार म्हणावे की झरे, हे ज्याचे त्याने ठरवावे. विहिरी मात्र माणसांनीच खणल्या होत्या.

रमाबाईंच्या कामावर तेव्हा टीका झाली. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. अन्न देणाऱ्याच्या धर्माकडे अन्न घेणारा ओढला जातो, हा प्रश्न खोटा नव्हता आणि ख्रिस्ती लोकांनी तो चिडून झटकून टाकू नये. पण त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली आणि आयुष्यभर आपल्या मार्गाने काम करत राहिली, हेही त्याच वेळी सांगायला हवे.

सगळ्यात अवघड प्रश्न याहून वेगळा आहे. दुष्काळातून आणलेल्या सगळ्या मुली जगल्या नाहीत. हाडांचे सापळे होऊन आलेल्या कित्येक जणी काही दिवसांत गेल्या. त्यांचा पुरवठा कुठे गेला? देव पाखरांना खाऊ घालतो, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले. पण दुष्काळात पाखरेही मरतात. या प्रश्नाला म्युलरपाशी किंवा रमाबाईंपाशी नेमके उत्तर नव्हते आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. ज्यांच्या घरी पुरवठा पोहोचला नाही त्यांचा विश्वास कमी पडला, असे रमाबाईंनी म्हटले असते, तर ते त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांवर पहिले उलटले असते. भूक पाहिलेला माणूस असे बोलत नाही.

नेमके हेच वाक्य आज जगभर बोलले जाते. अमेरिकेत विसाव्या शतकात वाढलेल्या समृद्धीच्या शिकवणीचा तो पाया आहे. ओरल रॉबर्ट्स या प्रचारकाने देणगी म्हणजे पेरलेले बी, ते कित्येक पटींनी परत येते, हा विचार घरोघर नेला. १९८७ मध्ये तर त्याने दूरचित्रवाणीवरून सांगितले, की अमुक मुदतीत ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत, तर देव मला वर बोलावून घेईल. पैसे जमले, शेवटचा मोठा धनादेश फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या एका मालकाने दिला. जिम बेकर हा दूरचित्रवाणीवरचा दुसरा तारा १९८९ मध्ये भाविकांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरला. २०१८ मध्ये जेसी डुप्लांटिस या प्रचारकाने ५.४ कोटी डॉलरच्या खासगी विमानासाठी भाविकांना हाक दिली. त्याच्याकडे आधीची विमाने होतीच. दक्षिण कोरियात जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळींपैकी एकीचे संस्थापक डेव्हिड योंगी चो यांना २०१४ मध्ये मंडळीच्या पैशांच्या गैरव्यवहारात न्यायालयाने दोषी धरले.

या मंडळींच्या तोंडी वचने तीच आहेत, जी म्युलरच्या तोंडी होती. फरक कुठे आहे, हे शोधायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. म्युलरने कुणाकडे मागितले नाही आणि पैन्‌पैचा हिशेब दिला. हे लोक तासातासाला मागतात आणि हिशेब विचारला की अभिषिक्त सेवकाला प्रश्न विचारू नये असे ऐकवतात. मराठी वस्त्यांतही दशमांशाच्या पाकिटावर आजार, नोकरी, व्हिसा अशा मागण्या लिहून घेणारे पाळक आता नवे राहिलेले नाहीत. पाकीट जितके जाड तितका आशीर्वाद मोठा, असे उघड कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही.

एक बाजू अजून राहते आणि ती मराठी साहित्यानेच दाखवली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पैसा त्यांच्या हातात कधी टिकला नाही. समोर आलेल्या गरजूला देऊन ते मोकळे होत. अशा माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत हसत सांगितले आहे आणि वाचक त्या हसण्यात गुंगून जातो. विश्वास नवऱ्याचा आणि वाण्याची उधारी बायकोच्या गळ्यात, असा तो मामला होता. देवावर हवाला ठेवणाऱ्या थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना चुलीपाशी कोण होते, हे विचारायची रीत मराठी ख्रिस्ती समाजाने ठेवायला हवी. मेरी म्युलरच्या हातातल्या हिशेबवह्यांचा उल्लेखही म्हणूनच झाला पाहिजे.

विपुलतेबद्दल बोलायचे तर आपल्या भागातल्या साध्या सणांकडे पाहावे. मुंबई-वसई पट्ट्यातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात आणि आशीर्वाद घेऊन घरी परततात. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. नगर, जालना भागातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत हंगामाचा सण असतो. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, केळ्यांचे घड, कोंबड्या, एखादे कोकरू असे सगळे येऊन पडते आणि उपासना आटोपली की आवारात लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, पोरे ओरडतात, म्हातारे हसतात. रक्कम मोठ्याने पुकारली जाते आणि खजिनदार ती समोरच वहीत चढवतो. देवाने भरभरून दिले, असे म्हणायला या लोकांना कुणी विमानातून येऊन शिकवावे लागत नाही. पाऊस कमी झाला त्या वर्षी वेदीपुढचा ढीग लहान असतो आणि सण तरीही होतो.

केडगावचे मुक्ती मिशन अजून चालू आहे. पण रमाबाईंच्या वेळेसारखा परदेशातून सहज पैसा येण्याचे दिवस मागे पडले आहेत. परदेशी देणगी कायद्यानुसार आता अशी रक्कम घ्यायची तर नोंदणी लागते आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खाते उघडावे लागते. नोंदणी गेली की झरा आटतो. जुन्या मिशनच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांना पुढे जगायचे असेल, तर इथल्याच माणसांच्या खिशातून जगावे लागेल. आणि इथला माणूस देतो तेव्हा त्याला कळायला हवे, की पैसा कुठे गेला.

त्यासाठी नवे काही शोधायची गरज नाही. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावेच लागतात. जे कायद्याने कार्यालयात जाते, ते मंडळीच्या सूचनाफलकावर लावायला कुणाची हरकत असू नये. नोंदणीच न केलेल्या, भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळ्यांचे हिशेब मात्र कुठल्याच कार्यालयात पोहोचत नाहीत. दर रविवारी तिथे अर्पणाची पिशवी फिरते.

म्हणून ज्या मराठी ख्रिस्ती माणसाला प्रभूच्या पुरवठ्यावर विश्वास आहे, त्याने येत्या वार्षिक सभेत उठून उभे राहावे आणि गेल्या वर्षीचे दशमांश किती जमले, त्यातले पाळकाच्या घराला, इमारतीला, गाडीला आणि गरिबांना किती गेले, हे पाच आकडे मागावेत. आकडे मिळाले, तर अर्पणाच्या पिशवीत नेहमीपेक्षा थोडे जास्त टाकावे. नाहीच मिळाले, तर तोच पैसा गावातल्या एखाद्या अनाथ मुलाच्या शाळेच्या फीसाठी थेट भरावा आणि पावती जपून ठेवावी.